पंडिता रमाबाई आणि घरच्या सेवेचा भार



आपल्या लोहारा भागातील खेड्यांत हिंडताना असे दिसते की, पुष्कळ घरांत कोणी ना कोणी दुसऱ्याच्या शुश्रूषेत वर्षानुवर्षे गुंतलेले आहे. कोठे अर्धांगवायूने अंथरुणास खिळलेली सासू आहे, कोठे स्मृती गेलेले वडील आहेत, कोठे जन्मापासून अपंग असलेले लेकरू आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने सास्तूर व भोवतालची गावे पाडली, तेव्हा मेलेल्यांची गणती झाली व त्यांच्यासाठी शोक झाला. परंतु जे मोडलेल्या शरीराने वाचले, त्यांच्या उशाशी ज्या आयांनी, बहिणींनी व पत्नींनी पुढे किती रात्री जागून काढिल्या, त्याचा हिशेब देवाच्याच वहीत असेल.

अशा माणसांची मंडळीत स्तुती होते. पण ती जेवली काय, निजली काय, त्यांच्या पाठीचे दुखणे कसे आहे, हे विचारणारा विरळा. ती स्वतःही स्वतःस हे विचारीत नाहीत. क्षणभर विसावा मागितला तर आपली प्रीती उणी ठरेल, अशी भीती त्यांच्या मनात घर करून असते. ह्या भीतीचा विचार करिताना आम्हांस पंडिता रमाबाईंचे चरित्र आठवते. मुक्तिसदनाच्या संस्थापिका व पवित्र शास्त्राचे मराठीत भाषांतर करणाऱ्या विदुषी म्हणून त्या वाचकांस ठाऊक आहेतच. आज आपण त्यांच्याकडे दुसऱ्या बाजूने पाहू : आईबापांची, भावाची व पुढे हजारो निराधारांची शुश्रूषा करणारी एक बाई म्हणून.

रमाबाईंचा जन्म १८५८ च्या एप्रिल महिन्यात सह्याद्रीच्या अरण्यातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे थोर विद्वान होते. स्त्रियांनी संस्कृत शिकावे असे त्यांचे मत होते, व त्या मतापायी त्यांनी लोकांचा रोष पत्करिला. त्यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, शिकविले; पुढे पित्यास वृद्धत्व आल्यावर लक्ष्मीबाईंनीच रमाबाईंस पहाटे उठवून पाठ दिले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरे, पुराणे सांगे व मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करी.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. १८७४ साली रमाबाई सोळा वर्षांच्या होत्या. पैसा संपला, भांडी विकली गेली, अन्न संपले. पिता वृद्ध होता, त्याची दृष्टीही गेली होती. आई क्षीण झाली होती. मोठी बहीण, भाऊ श्रीनिवास व रमाबाई ह्या मुलांवर आईबापांचा सांभाळ आला. पण सांभाळावे कशाने? झाडपाला खाऊन दिवस काढावे लागले. प्रथम पिता गेला. काही आठवड्यांनी आई तापाने आजारी पडली.

आईस अन्न पाहिजे होते. रमाबाई एका बाईच्या दारी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागावयास गेल्या; परंतु ज्या जिभेवर हजारो श्लोक नाचत होते, ती मागावयास उचलेना. डोळ्यांतून मात्र पाणी वाहू लागले. त्या बाईने ते पाहिले, ओळखिले व भाकरी दिली. वाचकहो, आपल्या सेवेकऱ्यांची स्थिती बहुधा अशीच असते. साहाय्याची गरज असते, दार समोर असते, पण तोंड उघडत नाही.

आईही गेली. स्मशान सुमारे तीन मैल दूर होते व परक्या गावी खांदा देणारे मिळेनात. अखेरीस दोन ब्राह्मणांस दया आली. श्रीनिवास तिसरा झाला व चौथा खांदा रमाबाईंनी दिला. त्या ठेंगण्या होत्या, इतरांच्या खांद्याशी त्यांचा खांदा जुळेना, म्हणून तिरडीची बाजू त्यांनी डोक्यावर घेतली. मुलीने आईसाठी एवढे केले, ह्यात तिची प्रीती दिसते. परंतु चार माणसांचे काम अर्ध्या उपाशी पोरीच्या डोक्यावर यावे, ह्यात गावाचे उणेपणही दिसते. ह्या दोन्ही गोष्टी आपण ध्यानी ठेवाव्या.

थोड्याच काळाने बहीणही गेली. भाऊ व बहीण दोघेच उरली व पायी चालत उत्तरेस निघाली. हजारो मैलांचा तो प्रवास होता. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीच्या रात्री पांघरूण नव्हते. तेव्हा त्यांनी वाळूत खड्डे करून त्यांत अंग पुरून ऊब मिळविली. १८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेतली व त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. इकडे उपासमारीने श्रीनिवासाचे शरीर पोखरले होते. रमाबाईंनी त्याची सेवा केली; १८८० साली तोही गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी विवाह केला. १८८१ च्या एप्रिलात कन्या मनोरमा जन्मली, व १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेला. आठ वर्षांत आई, बाप, बहीण, भाऊ व पती अशी पाच माणसे गेली, आणि रमाबाईंचे वय अद्याप चोवीसही पुरे झाले नव्हते.

त्या तान्ह्या मुलीस घेऊन पुण्यास आल्या व आर्य महिला समाज स्थापून स्त्रियांच्या कामास लागल्या. वैद्यकी शिकावी ह्या हेतूने १८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या व वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. तेथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. परंतु त्याच काळात, हिंदुस्थानातून बरोबर गेलेल्या मैत्रिणीचा अत्यंत शोककारक रीतीने अंत झाला. ज्या बाईने दुष्काळ, स्मशान व वैधव्य पाहून हिंमत सोडिली नव्हती, तिचे मन आता खचले. ऑक्सफर्ड येथे पंडित माक्स म्यूलर यांच्या घरी असता रात्री त्यांस एकटे निजवेना. सोबतीस एक मोलकरीण त्यांच्या खोलीत निजत असे. ऐकू येणेही कमी होत गेले, आणि वैद्यकीचा बेत सोडावा लागला.

येथे आपण थोडे थांबू. रमाबाईंची बुद्धी, श्रद्धा व धैर्य ह्यांविषयी कोणास शंका नाही. तरी त्यांचेही शरीर मातीचे होते. वर्षानुवर्षे दुसऱ्यांचे मरण उशाशी बसून पाहिले की त्याचा भार मनाच्या तळाशी साचतो व एके दिवशी वर येतो. तेव्हा दुसऱ्या कोणी रात्री जवळ निजावे लागले, ह्यात विश्वासाची हार नव्हती. देवाने आपल्या लेकरासाठी केलेली ती सोय होती. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवाने त्यास आधी रागे भरले नाही. त्यास निजू दिले, भाकर व पाणी दिले, पुन्हा निजू दिले, आणि मग पुढच्या वाटेचे बोलणे केले. हा क्रम आपण विसरतो.

१८८६ साली रमाबाई अमेरिकेस गेल्या व तेथे मित्र जोडून परत आल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्यास गेले. धर्म मिळाला तरी अंतःकरणास शांती मिळाली नाही, असे त्यांस काही वर्षे वाटत होते. १८९१ च्या सुमारास त्यांनी आपला भार येशू ख्रिस्तावर टाकिला, व तेव्हापासून त्यांच्या सेवेचा रंग पालटला. श्रम कमी झाले नाहीत, उलट वाढले. परंतु सर्व काही आपल्याच हातून पार पडले पाहिजे, ही धास्ती गेली. १८९६ च्या सुमारास लोणावळ्याच्या ख्रिस्ती मेळाव्यास त्या आपल्या पंधरा मुलींसह गेल्या होत्या. तेथे एका पहाटे त्या एकट्याच रानात गेल्या, सूर्य उगवताना पाहिला व देवाची स्तुती करून प्रार्थना केली. एवढ्या मुलींची जबाबदारी असताही त्यांनी ती घटका देवासाठी व स्वतःसाठी राखून ठेविली.

त्याच वर्षी मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आपल्या सोळाव्या वर्षीचे हाल आठवून रमाबाई तेथे गेल्या व उपाशी मुलींस आणावयास लागल्या. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या सुमारे दोन हजारांवर गेली. ह्यांत आजारी, आंधळ्या, वृद्ध व फसविल्या गेलेल्या अशा सर्व होत्या. एका बाईने हे कसे पेलिले? उत्तर असे की, एकटीने पेलिलेच नाही. सुंदराबाई पवार ह्यांसारख्या सोबतिणी होत्या. १८९८ पासून मिनी एब्राम्स होत्या. मोठ्या मुली लहानांस सांभाळीत. आंधळ्यांसाठी, वृद्धांसाठी व संकटात सापडलेल्या स्त्रियांसाठी निरनिराळी सदने होती. मनोरमाबाई अमेरिकेत शिकून आल्या, आंधळ्या मुलींस बोटांनी वाचावयास शिकवू लागल्या, व बहिऱ्या होत चाललेल्या आईचा उजवा हात बनल्या. पुढे गुलबर्गा येथे, म्हणजे त्या काळी आपल्या लोहाऱ्याप्रमाणेच निजामाच्या राज्यात असलेल्या शहरी, त्यांनी मुलींची शाळाही चालविली.

ज्या मुलीस आईच्या तिरडीखाली एकटीचे डोके द्यावे लागले, तिने पुढे असे घर बांधिले की त्यात कोणाही एकीवर चौथ्या खांद्याचा भार पडू नये. मुक्तीचा हा धडा आम्हांस फार मोलाचा वाटतो.

तरी दुःख टळले नाही. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई आईच्या आधी गेल्या. रमाबाईंनी त्यानंतरही शास्त्राच्या भाषांतराचे काम सोडिले नाही. ते पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूमध्ये निजल्या. काम मात्र त्यांच्याबरोबर निजले नाही. पुष्कळ हातांत वाटलेले असल्यामुळे मुक्ती आजही केडगाव येथे उभी आहे.

आता आपण आपल्या घराकडे वळू. जी सून सासूची कूस रात्री तीनदा पालटते, तिने एकटीने ओझे उचलू नये. दुसऱ्याचा हात घ्यावा, नाही तर एकाच्या ठिकाणी दोन रोगी होतील. रोग्यास भरविण्याआधी किंवा भरविल्यावर लगेच तिने स्वतः पोटभर जेवावे. उरलेसुरले खाणे हे काही पुण्य नव्हे. रोग्यास दवाखान्यात नेले असता स्वतःचा रक्तदाब, स्वतःची निद्रानाशाची व दुखण्याची तक्रारही डॉक्टरांस सांगावी. गावातील आशाताईंस विचारण्यास लाजू नये. रोग्याचा कधी राग आला, कधी हे सारे संपावे असे मनात आले, तर आपण पापी ठरलो असे समजून ते दडपून ठेवू नये. स्तोत्रकर्त्यांनी ह्याहून कडू शब्द देवासमोर ठेविले आहेत. ते देवास सांगावे, व एखाद्या विश्वासू बहिणीस सांगावे. दुःख फार झाले, झोप उडाली, जीव नकोसा वाटू लागला, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरांकडेही जावे.

घरातील पुरुषांसही आमचे सांगणे आहे. आई तुमची, वडील तुमचे. त्यांचे मलमूत्र काढण्याचे काम मात्र परघरातून आलेल्या मुलीचे, असे शास्त्रात कोठेही लिहिलेले नाही. आपल्या प्रभूने टॉवेल कमरेस बांधून शिष्यांचे पाय धुतले. पुत्राने आठवड्यातील काही रात्री तरी आपल्या वाट्यास घ्याव्या.

आणि मंडळीच्या वडिलांनी व उपदेशकांनी काय करावे? मोशेचे हात जड झाले तेव्हा अहरोन व हूर ह्यांनी त्याच्या प्रार्थनेची वाखाणणी करीत बसून राहिले नाही. त्यांनी त्यास बसावयास धोंडा दिला व एकेक हात धरून ठेविला. आपणही तसे करावे. मंडळीत कोणाच्या घरी दीर्घ आजार आहे त्यांची यादी करावी, व प्रत्येक प्रभुवारी दोघांनी त्या घरी जाऊन दोन तास रोग्यापाशी बसावे. त्या वेळात घरच्या माणसाने उपासनेस यावे. आणि फार दमलेले असेल तर खुशाल निजावे. ती झोपही देवास मान्य होईल. भेटीस गेल्यावर रोग्याची विचारपूस झाली की, सेवा करणाऱ्याकडे वळून, तुम्ही कशा आहात, असेही विचारावे, व उत्तर येईपर्यंत थांबावे.

येशूने आपल्या थकलेल्या शिष्यांस एकान्ती येऊन विसावा घ्यावयास बोलाविले, त्या वेळी लोकांची गर्दी सरली नव्हती. काम उरले असताच त्याने विसावा दिला. जो आपल्या रोग्यावर आपल्याहून अधिक प्रीती करितो, तो आपण निजलो असता त्याच्या उशाशी जागा असतो. लोहाऱ्याच्या खेड्यापाड्यांत आज रात्री ज्या ज्या घरी दिवा मंद करून कोणी जागत बसले असेल, त्यास प्रभू बळ देवो, झोप देवो, आणि खांदा देणारा शेजारी देवो. आमेन.