योगक्षेम ज्यांनी प्रभूवर सोपविला : पंडिता रमाबाई

आज नाताळ. ख्रिस्ती बांधवांच्या घरोघरी प्रभू येशूच्या जन्माचा आनंदसोहळा चालला आहे. गोठ्यात जन्मलेल्या आणि गव्हाणीत निजविलेल्या त्या बालकाची कथा आपल्या हिंदू घरांनाही परकी वाटत नाही. कारागृहात जन्मून गवळ्यांच्या घरी वाढलेल्या बाळकृष्णाची कथा ऐकतच आपण लहानाचे मोठे झालो आहो. महाराष्ट्राच्या भूमीत आपले आयुष्य वेचलेल्या एका ख्रिस्तभक्त विदुषीचे पुण्यस्मरण या मंगल दिवशी करावे, असे आम्ही योजिले आहे.

पंडिता रमाबाईंचा संस्कृत व्यासंग आणि त्यांचे स्त्रीशिक्षणाचे कार्य वाचकांस ठाऊक आहे. त्यांच्या धर्मांतराने उठलेले वादळही पुष्कळांना माहीत असेल. परंतु शेकडो अनाथ मुलींच्या संसाराचा गाडा ही एकाकी विधवा रोजच्या रोज कोणत्या बळावर हाकीत होती, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. आम्हांस तोच प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

तीर्थयात्रा आणि दुष्काळ

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीच्या अरण्यातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वेदशास्त्रसंपन्न गृहस्थ. लोकांचा विरोध सोसून त्यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविले आणि त्या माउलीने तेच धन मुलीच्या पदरी घातले. हे कुटुंब तीर्थाहून तीर्थास जाई, देवळात पुराण सांगे आणि श्रोते जे अर्पण करतील त्यावर निर्वाह करी. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना बालवयातच मुखोद्गत झाले होते.

1874 च्या सुमारास दक्षिणेत या कुटुंबावर दुष्काळाचा घाला आला. जवळचे द्रव्य तीर्थक्षेत्री दानधर्मात वेचले गेले होते. जे थोडे उरले होते, तेही विकून झाले. मोलमजुरीची सवय नाही आणि पुराण ऐकण्यास लोकांपाशी त्राण नाही. झाडपाल्यावर दिवस काढण्याची पाळी आली. उपासतापास, जपजाप्य, देवदर्शन यांत खंड पडला नव्हता. तरीही काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण निघून गेली. आईच्या तिरडीस खांदा द्यायला चौघेही सहजी मिळेनात. शेवटी रमाबाईंनीच चौथी बाजू उचलली आणि उंची कमी म्हणून तो भार त्यांना डोक्यावर वाहावा लागला.

आपल्या तुकोबांच्या घरीही दुष्काळाने पत्नी आणि पुत्र नेले होते. त्या आघाताने तुकोबा विठ्ठलाच्या पायी अधिकच घट्ट बिलगले. रमाबाईंच्या बाबतीत उलट घडले. आईबापांनी सर्वस्व वाहिले असताना देव का धावला नाही, हे कोडे त्यांच्या मनात घर करून बसले आणि त्यांच्या श्रद्धेचा पाया हादरला. दुःख सर्वांस एकाच वाटेने नेत नाही, एवढेच येथे म्हणावे.

एकेक आधार गळाला

रमाबाई आणि बंधू श्रीनिवासशास्त्री हजारो मैल पायी हिंडत 1878 साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्यांनी गौरविले. पण 1880 मध्ये बंधू वारले. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या वकिलांशी त्यांचा विवाह झाला, कन्या मनोरमा जन्मली आणि 1882 च्या प्रारंभी पतीही कॉलऱ्याने गेले. अवघ्या चोविसाव्या वर्षी तान्ह्या मुलीस घेऊन त्या पुण्यास आल्या आणि आर्य महिला समाजाच्या कार्यास लागल्या.

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. पतित स्त्रियांना मायेने जवळ करणाऱ्या ख्रिस्ती भगिनींचे काम पाहून त्यांचे मन हलले आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तथापि धर्म पालटला म्हणून मनाला लगेच विसावा मिळाला, असे झाले नाही. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त आपणांस अद्याप भेटलेला नाही, असे पुढे कित्येक वर्षे त्यांना जाणवत राहिले. ही कबुली त्यांनी स्वतःच लिहून ठेविली आहे. बाह्य आचार आणि अंतरीचा देव यांतील हे अंतर कोणत्याही पंथाच्या भाविकास ओळखीचे वाटेल.

अमेरिकेतील मित्रांनी दहा वर्षे मदत देण्याचे मान्य केल्यावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. 1893 मध्ये मात्र मुलींच्या मनावर ख्रिस्ती संस्कार होत असल्याचा गवगवा झाला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली परत नेल्या. ज्यांच्या मुली होत्या, त्यांची व्यथाही खोटी नव्हती. त्या वादाचा निवाडा करण्याचा आजचा दिवस नव्हे. आम्ही एवढेच पाहतो की, या बाईंचा मनुष्यावरील आणखी एक आधार गळून पडला होता.

विश्वासाची कसोटी

याच काळात त्यांनी काही ख्रिस्ती भक्तांची चरित्रे वाचली. ब्रिस्टल येथे अनाथालये चालविणारे जॉर्ज म्यूलर हे पैशासाठी कोणापुढे हात पसरीत नसत. जे हवे ते प्रार्थनेत देवापाशी मागत. चीन देशात काम करणारे हडसन टेलर यांचीही रीत तीच. परमुलखात देव असा पाठीशी राहतो, तर तो हिंदुस्थानात का राहणार नाही, असा विचार रमाबाईंच्या मनात येऊ लागला.

त्यांनी व्यवहार सोडला होता असे मात्र नव्हे. अमेरिकेच्या मदतीची मुदत 1898 साली संपणार हे ध्यानी घेऊन त्यांनी पुण्याजवळ केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली होती, विहिरी खणल्या होत्या, फळझाडे लाविली होती. बागेच्या उत्पन्नावर सदनाचा खर्च भागावा, असा त्यांचा हिशेब होता.

तो हिशेब दुष्काळाने मोडला. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात अन्नान्नदशा झाली. पोरक्या मुली रस्त्यावर पडल्या आहेत आणि दुष्ट माणसे त्यांना फूस लावून नेत आहेत, ही वार्ता कानी आली. स्वतःच्या उपासमारीचे दिवस त्या विसरल्या नव्हत्या. तीनशे मुलींचा भार घेण्याची ऐपत नव्हती. बागेची झाडे कोवळी होती आणि अमेरिकेची मुदत सरत आली होती. तरीही त्या गेल्या आणि अस्थिपंजर झालेल्या तीनशे मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्यामुळे त्यांना केडगावच्या माळावर तंबूत आणि छपरात ठेवावे लागले. ज्या संकटाने एके काळी त्यांचा विश्वास हिरावून नेला होता, त्याच संकटाच्या दारी त्या आता विश्वास घेऊन उभ्या होत्या. या चरित्रातील सर्वांत मोठा क्षण आम्हांस हाच वाटतो.

यातूनच मुक्ती सदन उभे राहिले. 1898 नंतर अमेरिकेची मदत येत राहिली, पण तिची ठरीव हमी उरली नाही. 1900 साली गुजरातच्या दुष्काळातील मुली आल्या आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या मुखांना दोन वेळ अन्न, अंगावर वस्त्र, आजाऱ्यांना औषध हे सारे रोज लागे. पहाटेची प्रार्थना झाली की जाती फिरू लागत, माग चालत, शेतात आणि छापखान्यात कामे सुरू होत. अंध मुलींनाही वाचन आणि हस्तव्यवसाय शिकविला जाई. येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेत भाकर मागितली आहे ती एका दिवसापुरतीच. रमाबाई त्या मागणीवर विसंबून दिवस काढीत आणि त्या दिवसाचे काम पूर्ण करून उद्याची चिंता प्रभूवर सोडीत. भरवसा आणि कष्ट ही त्यांच्या घरी सख्ख्या बहिणींसारखी नांदली.

अखेरचे दान

खेड्यातील बायकांनाही समजेल अशा सोप्या मराठीत बायबल आणावे, या ध्यासाने त्यांनी प्रौढ वयात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला. भाषांतराचे हे काम बरीच वर्षे चालले. छपाईचे काम मुक्तीच्या छापखान्यात तेथल्या मुलींनीच केले. 1921 मध्ये कार्याचा वारसा चालविणारी एकुलती मनोरमा वारली. मातेचे काळीज फाटावे असा तो घाव. पण मुद्रिते तपासण्याचे काम थांबले नाही. ते हातावेगळे झाल्यावर थोड्याच दिवसांत, 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनी देह ठेविला. अखेरपर्यंत त्यांची राहणी साध्या पांढऱ्या वस्त्राची आणि शाकाहाराची होती. त्यांची संस्था केडगावी आजही निराधारांना आसरा देत आहे.

अनन्यभावाने शरण आलेल्या भक्ताचा योगक्षेम भगवंत वाहतो, ही आपल्या गीतेची शिकवण. आपण ती पाठ म्हणतो; पण मुलीचे लग्न, मुलाची नोकरी, घरातले आजारपण पुढे ठाकले की आपली झोप उडते. देव्हाऱ्यापुढे हात जोडलेले असतात आणि मन मात्र जमाखर्च मांडीत असते. रमाबाईंचा मार्ग आपला नसेल. परंतु हाती असलेले काम निष्ठेने करावे आणि हाताबाहेरचे देवाच्या चरणी खरोखरच ठेवून द्यावे, हा त्यांचा धडा कोणत्याही देव्हाऱ्यासमोर गिरवावा असाच आहे. आजच्या मंगल दिनी तेवढे बळ प्रभूने सर्वांस द्यावे, हीच आमची प्रार्थना.