बुद्धिबळपटू मीर सुलतानखान

पंजाबातील मिठा टिवाना या गावी विसाव्या शतकाच्या आरंभी मीर सुलतानखान यांचा जन्म झाला. नवव्या वर्षी वडिलांनी त्यांस बुद्धिबळ शिकविले ते आपल्या देशी पद्धतीचे. तीत प्यादे पहिल्या खेळीसही एकच घर चाले आणि किल्लेकोट मुळीच नसे. शह बसला नसेल तर राजास घोड्याप्रमाणे अडीच घरांची एकच उडी घेता येई. एरव्ही त्याने पावलापावलाने आपला जीव सांभाळावा.

सर उमर हयातखान टिवाना या मोठ्या जमीनदाराने त्यांस पदरी ठेविले व विलायती पद्धतीचा सराव करविला. १९२८ साली दिल्लीच्या अखिल भारतीय सामन्यांत नऊ डावांत साडेआठ गुण मिळवून ते पहिले आले, आणि पुढल्याच वर्षी धन्याबरोबर लंडनास गेले. डावाच्या आरंभीच्या ग्रंथोक्त खेळ्यांत ते कच्चे होते. शिवाय तेथील थंडी व हिवताप त्यांस छळीत. तथापि १९२९, १९३२ व १९३३ या तिन्ही साली ब्रिटिश अजिंक्यपद त्यांनीच मिळविले.

मधल्या सुट्टीत पट मांडून बसणाऱ्या आमच्या कळव्याच्या मुलांस किल्लेकोट ठाऊक आहेच: राजा हत्तीकडे दोन घरे सरकतो व हत्ती त्याच्या पलीकडे येऊन उभा राहतो. संधी मिळताच किल्ला करावा, अशी बहुतेकांची समजूत असते. पालकही तोच उपदेश करितात! बहुधा तो योग्यच असतो, कारण पटाचा मध्य खुला झाला की तेथील राजा उघडा पडतो. परंतु किल्ला करणे म्हणजे राजाचा मुक्काम शत्रूस कळविणेही होय. मध्य प्याद्यांनी बंद असेल तर थांबून पाहण्यास हरकत नसते.

१९३०-३१ च्या हेस्टिंग्ज येथील सामन्यांत सुलतानखान यांची गाठ क्युबाचे माजी जगज्जेते कापाब्लांका यांच्याशी पडली. कापाब्लांकांनी आठव्या खेळीस किल्ला केला. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या सुलतानखानांनी तो केलाच नाही. उलट चौदाव्या खेळीस राजाच्या बाजूच्या हत्तीपुढील प्यादे दोन घरे पुढे लोटले, म्हणजे किल्ल्याची त्या बाजूची भिंतच स्वहस्ते पाडली. दुसऱ्या बाजूस काळे हत्ती एका मोकळ्या पट्टीवर जमू लागले होते. तिकडे जाणेही धोक्याचे. मध्यभागी मात्र प्यादी एकमेकांस अडवून उभी होती, म्हणून राजा तेथेच राहिला. पुढे दोन्ही हत्ती शह देत आत घुसले. राजा एक घर तिरपा सरला. वजिराने एक हत्ती मारला, तो वजीर दुसऱ्या हत्तीने मारिला, आणि त्या हत्तीस राजाने स्वतः मारिले. वजीर देऊन दोन हत्ती पदरात पडले. एकट्या काळ्या वजिरास मग कोठेही शिरकाव मिळेना. पासष्टाव्या खेळीस डाव संपला.

१९३३ च्या अखेरीस धनी स्वदेशी परतले, तेव्हा त्यांसही यावे लागले. ऐन उमेदीत त्यांचा परदेशांतील खेळ संपावा, आणि तो निर्णय त्यांच्या हाती नसावा, याचे वाईट वाटते. १९३५ साली महाराष्ट्राचे नामांकित खेळाडू वि. का. खाडिलकर यांच्याशी ते दहा डाव खेळले. नऊ जिंकिले, एक बरोबरीत सुटला. २५ एप्रिल १९६६ रोजी सरगोधा येथे त्यांचे देहावसान झाले. ग्रँडमास्टर ही पदवी त्यांस हयातीत मिळाली नाही. जागतिक बुद्धिबळ संघाने ती सन्मानार्थ दिली, ती २०२४ साली.