आंदणापलीकडची राणी : ब्रगांझाची कॅथरिन

मुंबईचा इतिहास शाळेत शिकताना एक वाक्य आपल्या सर्वांच्या पाठ झालेले असते : पोर्तुगीजांनी आपल्या राजकन्येच्या विवाहात मुंबई इंग्रजांना आंदण दिली. वाक्य तेथेच संपते आणि धडा पुढे सरकतो. आंदण लक्षात राहते, पण जिच्यासाठी ते दिले गेले ती नवरी मात्र विस्मरणात जाते. तिचे नाव कॅथरिन. पोर्तुगीज भाषेत कातारिना. प्रॉटेस्टंट इंग्लंडच्या सिंहासनाशेजारी ती जवळजवळ तेवीस वर्षे कॅथलिक राणी म्हणून बसली आणि आपल्या श्रद्धेपायी एकदा तर मृत्युदंडाच्या छायेतही उभी राहिली.

कॅथरिनचा जन्म २५ नोव्हेंबर १६३८ रोजी, अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरिनच्या सणाच्या दिवशी, पोर्तुगालमधील व्हिला व्हिसोझा येथील ब्रगांझा घराण्याच्या वाड्यात झाला. त्या वेळी पोर्तुगाल स्वतंत्र नव्हता. १५८० पासून तो स्पेनच्या राजाच्या अंमलाखाली होता. कॅथरिन दोन वर्षांची असताना, १ डिसेंबर १६४० रोजी, लिस्बनमध्ये उठाव झाला आणि तिचे वडील चौथे जॉन ह्या नावाने पोर्तुगालचे राजे झाले. मात्र राजमुकुट मिळणे आणि तो टिकवणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. स्पेनशी युद्ध सुरू झाले आणि ते तब्बल अठ्ठावीस वर्षे चालले. स्पेनच्या दबावामुळे रोमनेही नव्या राजाला मान्यता दिली नाही. त्यामुळे पोर्तुगालमधील एकामागून एक धर्मप्रांत बिशपांविना राहू लागले. गोव्याचे आर्चबिशपपददेखील बराच काळ रिकामे राहिले. आपल्या पूर्वजांच्या धार्मिक जीवनावर त्या दूरच्या भांडणाची सावली अशी पडली होती.

१६५६ साली राजा जॉन मरण पावला. राज्याची सूत्रे राणी लुईझा द गुझमान हिच्या हाती आली. ही बाई जन्माने स्पॅनिश, पण पोर्तुगालच्या स्वातंत्र्यासाठी कंबर कसून उभी राहिलेली. १६५९ मध्ये फ्रान्सने स्पेनशी तह करून पोर्तुगालला वाऱ्यावर सोडले, तेव्हा नवा मित्र शोधणे तिला भाग पडले. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये दुसरा चार्ल्स गादीवर परतला. तो अविवाहित होता आणि त्याचा खजिना रिकामा होता. लुईझाने आपली मुलगी देऊ केली आणि तिच्यासोबत आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील टँजिअर, हिंदुस्थानातील मुंबई, वीस लाख क्रुझादो आणि पोर्तुगीज मुलखात व्यापाराच्या सवलती. त्या बदल्यात इंग्लंडने लढाऊ जहाजे आणि सुमारे तीन हजार शिपाई पोर्तुगालच्या मदतीस पाठवायचे होते. २३ जून १६६१ रोजी करारावर सह्या झाल्या. आईने मुलीच्या संसाराचा सौदा केला, असे आज आपल्याला वाटेल. पण तिच्यापुढे देश वाचवण्याचा दुसरा मार्ग उरला नव्हता, हेही तितकेच खरे आहे.

ह्या करारात धर्माविषयी दोन तरतुदी होत्या. राणीला आपल्या कॅथलिक धर्माचे आचरण मोकळेपणाने करता यावे, ही पहिली. दुसरी मुंबईविषयी होती. तेथील रहिवाशांना तेथेच राहण्याची आणि पूर्वीप्रमाणेच कॅथलिक धर्म पाळण्याची मुभा असावी, असे कलमात स्पष्ट लिहिले गेले. शाळेच्या पुस्तकात आंदण येते, हे कलम येत नाही.

मुंबई हाती पडणे इंग्रजांना सोपे गेले नाही. सप्टेंबर १६६२ मध्ये सर अब्राहम शिपमन सुमारे चारशे शिपाई घेऊन येथे पोहोचला, तेव्हा गोव्याचा व्हाइसरॉय आंतोनियो द मेलो इ कास्त्रो ह्याने कागदपत्रांतील त्रुटी दाखवून बेट देण्यास नकार दिला. इंग्रज मुंबईत बसले की पोर्तुगीजांचा हिंदुस्थान गेलाच समजावा, असे त्याने आपल्या राजाला निक्षून कळवले होते. शिपमनची तुकडी कारवारसमोरील अंजदीव बेटावर अडकून पडली आणि रोगराईने तिचा फडशा पाडला. शिपमन स्वतः १६६४ मध्ये तेथेच मरण पावला. अखेर त्याचा मदतनीस हम्फ्री कुक ह्याने उरलेल्या शंभरएक माणसांसह १८ फेब्रुवारी १६६५ रोजी मुंबईचा ताबा घेतला. त्या काळच्या रीतीप्रमाणे माती आणि दगड हातात घेऊन हा विधी पार पडला. सातही बेटे एकाच दिवशी आंदण गेली, हा समज मात्र बरोबर नाही. पोर्तुगीजांनी दिले ते मुंबईचे एक बेट. माहीम कुकने मागाहून बळकावले आणि कुलाबा तर आणखी काही वर्षांनी इंग्रजांकडे गेले. साष्टी आणि आपली वसई १७३९ च्या मराठ्यांच्या विजयापर्यंत पोर्तुगीजांकडेच राहिली. १६६८ मध्ये चार्ल्सने हे बेट वार्षिक दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. टँजिअर तर १६८४ मध्ये इंग्रजांनी स्वतःच उद्ध्वस्त करून सोडले.

आता पुन्हा नवरीकडे वळू. एप्रिल १६६२ मध्ये कॅथरिनने लिस्बन सोडले आणि मे महिन्याच्या मध्यास ती पोर्ट्समथ बंदरात उतरली. २१ मे रोजी विवाह झाला. प्रथम तिच्या खोलीत, मोजक्या साक्षीदारांसमोर, कॅथलिक विधीनुसार आणि नंतर लोकांसमोर अँग्लिकन पद्धतीने. ती तेवीस वर्षांची होती. तिला इंग्रजी येत नव्हते. पतिपत्नी एकमेकांशी स्पॅनिश भाषेत बोलत. तिच्याबरोबर आलेल्या पोर्तुगीज सख्यांच्या जुन्या धाटणीच्या पोशाखाची दरबाराने टिंगल केली. ठरलेल्या हुंड्यापैकी बराचसा भाग रोख नव्हे, तर साखर आणि इतर मालाच्या रूपाने आला, ह्याचीही कुजबूज झाली.

खरा घाव पुढेच होता. राजाची प्रेयसी लेडी कॅसलमेन हिला त्याच जून महिन्यात राजापासून मुलगा झाला आणि राजाने तिलाच राणीच्या खास परिचारिकांमध्ये नेमण्याचा हट्ट धरला. कॅथरिनने यादीतून ते नाव खोडले. राजाने त्या स्त्रीला भर दरबारात तिच्यापुढे आणून उभे केले, तेव्हा कॅथरिनच्या नाकातून रक्त वाहू लागले आणि ती बेशुद्ध पडली. काही आठवडे तिने नकार सोडला नाही. राजाने तिच्या बहुतेक पोर्तुगीज सोबत्यांना परत पाठवले, तिच्याशी बोलणे टाकले आणि शेवटी ती नमली. ह्या नमण्याबद्दल काही चरित्रकारांनी तिला दुबळी ठरवले आहे. परक्या देशात, परक्या भाषेत, एकट्या पडलेल्या त्या तरुणीने आणखी काय करायला हवे होते, हे मात्र ते सांगत नाहीत.

राणीचे पहिले कर्तव्य वारस देणे, असे त्या काळी मानले जाई. १६६३ च्या शरद ऋतूत ती मरणाच्या दारी पोहोचली. तापाच्या भ्रमात आपल्याला मुले झाली आहेत असे तिला वाटत होते आणि ती त्यांची विचारपूस करीत होती. राजा उशाशी बसून रडला, असे समकालीनांनी नोंदवले आहे. पुढे १६६६ ते १६६९ ह्या काळात तिचे गर्भ राहिले आणि गळाले. इकडे राजाला इतर स्त्रियांपासून मुले होतच होती. राणीला दूर करून दुसरे लग्न करावे, असा सल्ला दरबारी वारंवार देऊ लागले. चार्ल्सने तो कधीच मानला नाही. पती म्हणून त्याची बाजू मांडणे कठीण आहे, पण एवढे श्रेय त्याला द्यावे लागते.

तिला राज्याभिषेकही झाला नाही, कारण तो अँग्लिकन विधीने व्हायचा होता. तिचे खरे राज्य होते ते तिच्या चॅपलमध्ये. त्या काळी इंग्लंडमध्ये कॅथलिक धर्मगुरू होऊन देशात राहणे हा कायद्याने राजद्रोह होता. उघडपणे मिस्सा होत असे ती परदेशी वकिलांच्या निवासस्थानी आणि राणीच्या चॅपलमध्ये. सप्टेंबर १६६२ मध्ये सेंट जेम्स राजवाड्यातील चॅपलमध्ये तिच्यासाठी मिस्सा सुरू झाली. पुढे तिने आपले बिऱ्हाड सॉमरसेट हाउसमध्ये हलवले. तिच्या आश्रयाला बेनेडिक्टाइन आणि पोर्तुगीज फ्रान्सिस्कन धर्मगुरू होते. पुढे कार्डिनल झालेले डॉमिनिकन फिलिप हॉवर्ड हे तिचे दानाधिकारी होते. इंग्लिश प्रजेने तेथे जाऊ नये असे हुकूम निघत, तरी लंडनचे कॅथलिक तेथे येत राहिले. आपल्यासारख्या, रविवारी घंटा वाजली की सहज देवळात जाणाऱ्या लोकांना त्या चॅपलचे मोल लवकर उमगणार नाही.

१६७८ मध्ये टायटस ओट्स नावाच्या लबाड माणसाने एक कट रचल्याचे कुभांड उभे केले. पोपच्या प्रेरणेने जेज्वीट राजाचा खून करणार आहेत, असे तो सांगू लागला. त्याची जबानी नोंदवणारा न्यायदंडाधिकारी सर एडमंड गॉडफ्री ऑक्टोबरमध्ये मृतावस्थेत सापडला आणि लंडन भीतीने वेडे झाले. खून सॉमरसेट हाउसमध्येच झाला, असे ठरवून राणीच्या वाड्याशी संबंध असलेल्या तीन साध्या माणसांना फासावर चढवण्यात आले. त्यांच्याविरुद्ध साक्ष देणाऱ्याने पुढे १६८६ मध्ये आपण खोटे बोललो, हे कबूल केले. तोवर उशीर झाला होता.

नोव्हेंबरमध्ये ओट्सने पार्लमेंटपुढे थेट राणीवर राजद्रोहाचा आरोप केला. राणी राजाला विष देण्यास राजी झाली आणि तिचा आवाज आपण दाराआडून ऐकला, असे त्याचे म्हणणे. राजाने त्याला त्या दालनांचे वर्णन करायला सांगितले, तेव्हा तो गडबडला. हाउस ऑफ लॉर्ड्सने राणीविरुद्धची मागणी उचलून धरली नाही. जुलै १६७९ मध्ये तिचे वैद्य सर जॉर्ज वेकमन ह्यांची निर्दोष सुटका झाली आणि ओट्सच्या शब्दाला पहिला तडा गेला. तरी १६८० मध्ये लॉर्ड शाफ्ट्सबरीने राजाच्या घटस्फोटाचा प्रस्ताव पुन्हा मांडलाच. राजाच्या विरोधामुळे तो बारगळला. ह्या वावटळीत अनेक निरपराध कॅथलिकांचे प्राण गेले. १ जुलै १६८१ रोजी आयर्लंडचे आर्चबिशप ऑलिव्हर प्लंकेट ह्यांना लंडनमध्ये मृत्युदंड देण्यात आला. १९७५ मध्ये ते संतपदी विराजमान झाले. संत क्लॉड द ला कोलंबिएर हेही त्याच काळात लंडनमध्ये तुरुंगात होते. ह्या साऱ्या दिवसांत राणीने आपला धर्म लपवला नाही, की देश सोडून पळ काढला नाही.

फेब्रुवारी १६८५ मध्ये चार्ल्स मृत्युशय्येवर पडला आणि त्याने कॅथलिक ख्रिस्तसभेत येण्याची इच्छा प्रकट केली. बिशप आणि सरदारांनी भरलेल्या महालात कॅथलिक धर्मगुरू आणायचा कोठून? ते सापडले राणीच्याच परिवारात. बेनेडिक्टाइन फादर जॉन हडलस्टन ह्यांनी १६५१ मध्ये, वूस्टरच्या पराभवानंतर जीव वाचवत फिरणाऱ्या तरुण चार्ल्सला लपण्यास मदत केली होती. आता वेष पालटून, मागच्या जिन्याने ते त्याच्यापाशी आले. त्यांनी त्याचा पापस्वीकार ऐकला, त्याला ख्रिस्तसभेत घेतले आणि अंतिम साक्रामेंत दिले. कॅथरिन दुःखाने इतकी खचली होती की तिला पुन्हा खोलीत येववेना. आपल्या हातून काही चुकले असेल तर क्षमा करावी, असा निरोप तिने पाठवला. क्षमा मागायला हवी ती आपणच, असे उत्तर राजाने दिले. ६ फेब्रुवारी रोजी तो वारला.

ती आणखी सात वर्षे इंग्लंडमध्ये राहिली. १६८८ मध्ये कॅथलिक राजा दुसरा जेम्स पदच्युत झाला आणि नव्या राजवटीत तिच्याभोवती संशय वाढत गेला. १६९२ मध्ये ती निघाली आणि जानेवारी १६९३ मध्ये, तीस वर्षांहून अधिक काळानंतर, लिस्बनला पोहोचली. तोपर्यंत आई केव्हाच गेली होती आणि धाकटा भाऊ पेद्रो गादीवर होता. ज्या स्वातंत्र्यासाठी तिला समुद्रापार पाठवले गेले, ते स्पेनने १६६८ मध्ये मान्य केले होते. त्यासाठी झालेल्या लढायांत तिच्या करारातून आलेल्या इंग्लिश शिपायांचाही वाटा होता.

लिस्बनमध्ये तिने बेंपोश्ता येथे वाडा आणि चॅपल बांधले. आयुष्य संपत आले असे वाटत असतानाच एक अनपेक्षित पान उलगडले. स्पेनच्या वारसायुद्धात पेद्रो १७०४ मध्ये आघाडीवर गेला, तेव्हा त्याने बहिणीला राज्याची प्रतिनिधी नेमले. १७०५ मध्ये तो आजारी पडल्यावर ती जबाबदारी पुन्हा तिच्याकडे आली. साठी ओलांडलेल्या ह्या विधवेने राज्यकारभार आणि युद्ध दोन्ही सांभाळले. तिच्या कारकिर्दीत पोर्तुगीज फौजांनी व्हॅलेन्सिया द अल्कांतारा आणि आल्बुकर्क ही सीमेवरची ठाणी घेतली. इंग्लंडमध्ये जिच्याकडे कुणी सल्लाही मागितला नाही, ती राज्य चालवू शकत होती.

३१ डिसेंबर १७०५ च्या रात्री बेंपोश्ताच्या वाड्यात तिने प्राण सोडला. तिला प्रथम बेलें येथील जेरोनिमोस मठात पुरण्यात आले. नंतर तिचे अवशेष लिस्बनमधील साओ व्हिसेंत द फोरा येथे, ब्रगांझा घराण्याच्या दफनस्थानी हलवण्यात आले. तेथे ती आपल्या माणसांमध्ये विसावली आहे. जे बेट तिच्या नावाने दिले गेले, ते तिने कधीही पाहिले नाही.