बेडकांना चड्डी घालणारा पाद्री!
पिल्लू जन्माला यायला नराची नेमकी गरज काय? अठराव्या शतकात यावर नुसते वाद व्हायचे. इटलीतल्या लाझारो स्पालान्झानी (१७२९-१७९९) या पाद्री-प्राध्यापकाने थेट प्रयोगच केला.

बेडकीची अंडी शरीराबाहेर फलित होतात. म्हणून त्याने नर बेडकांना घट्ट चड्ड्या घातल्या. अंडी वाया गेली! मग चड्डीत साचलेलं वीर्य अंड्यांना लावलं, तर बेडूकमासे निघाले. म्हणजे अंड्याला वीर्याचा स्पर्श हवाच.

पुढे त्याने कुत्रीच्या गर्भाशयात पिचकारीने वीर्य सोडलं. ६२ दिवसांनी तीन पिल्लं झाली!

गंमत म्हणजे, ही करामत शुक्राणूंची आहे हे त्याला कधीच पटलं नाही. पिल्लू अंड्यात आधीपासूनच असतं, असंच तो मानत राहिला. प्रयोग मात्र खरं बोलून गेला. आज गाई-म्हशींना होणारं कृत्रिम रेतन त्याच वाटेवरचं.