के. एम. पणिक्कर : पत्रकार आणि राजदूत

प्रास्ताविक

बातमीदार आणि राजदूत या दोघांच्या कामात एक साम्य आहे. आपण जिथे आहोत तिथे काय घडते आहे हे दूर असलेल्यांना कळवणे, हे दोघांचेही कर्तव्य असते. ही दोन्ही कामे केलेल्या सरदार कावालम माधव पणिक्कर यांच्या जीवनाचा परिचय आपण येथे करून घेणार आहोत. चरित्र वाचताना केवळ पदांची यादी लक्षात ठेवू नका. कळवलेली माहिती खरी की अपुरी, हे कसे ठरते याचाही विचार करा.

जडणघडण आणि पत्रकारिता

पणिक्कर यांचा जन्म १८९५ साली त्रावणकोर संस्थानातील कावालम येथे झाला. ऑक्सफर्डमध्ये इतिहासाचे उच्च शिक्षण घेऊन ते परतले आणि अलिगढ येथे अध्यापन करू लागले. असहकाराच्या वातावरणात त्यांनी अध्यापन सोडून पत्रकारितेचा मार्ग धरला. मद्रासच्या ‘स्वराज्य’मध्ये काम केल्यानंतर, १९२४ साली दिल्लीत निघालेल्या ‘हिंदुस्तान टाइम्स’च्या प्रारंभीच्या संपादकांत त्यांची गणना झाली. या पत्रामागे अकाली चळवळीचे बळ होते. गुरुद्वारांच्या सुधारणेसाठी चाललेला तो लढा पणिक्करांनी जवळून पाहिला.

पुढे ते बॅरिस्टर झाले आणि संस्थानांच्या सेवेत शिरले. पतियाळाचे मंत्रिपद व बिकानेरचे दिवाणपद त्यांनी सांभाळले. १९४७ साली संविधान सभेत सहभागी होण्यास अनेक संस्थानिक कचरत होते. अशा वेळी बिकानेरने पुढाकार घेतला, त्यात पणिक्करांचा वाटा मोठा होता.

चीनमधील राजदूतपद

१९४८ साली ते चीनमध्ये भारताचे राजदूत म्हणून गेले. एप्रिल १९४९ मध्ये नानकिंग साम्यवादी सैन्याच्या हाती पडले, तेव्हा ते तेथेच होते. डिसेंबर १९४९ मध्ये भारताने नव्या राजवटीला मान्यता दिली आणि १९५० साली पणिक्कर राजदूत या नात्याने पेकिंगला गेले.

आता १९५० च्या ऑक्टोबर महिन्याकडे विशेष लक्ष द्या. २ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीनंतर पंतप्रधान चौ एन लाय यांनी त्यांना तातडीने बोलावून घेतले. अमेरिकी सैन्याने कोरियातील ३८ वे अक्षवृत्त ओलांडले तर चीन स्वस्थ बसणार नाही, असा इशारा त्यांनी दिला. पणिक्करांनी तो त्वरित दिल्लीला कळवला आणि तेथून तो वॉशिंग्टनपर्यंत पोहोचला. परंतु पणिक्कर साम्यवाद्यांकडे झुकलेले आहेत, अशी तेथील समजूत होती. म्हणून इशाऱ्याला महत्त्व दिले गेले नाही. अमेरिकी सैन्य पुढे गेले, चिनी फौजा युद्धात उतरल्या आणि ते युद्ध जुलै १९५३ पर्यंत लांबले.

त्याच महिन्यात चिनी सैन्य पूर्व तिबेटात शिरले. तिबेटचा प्रश्न शांततेने सोडवला जाईल, असे चीनकडून सांगण्यात येत होते आणि पणिक्करांनी त्यावर विश्वास ठेवला होता. सरदार पटेल यांनी ७ नोव्हेंबर १९५० रोजी नेहरूंना लिहिलेल्या पत्रात, आपला राजदूत चीनच्या धोरणाचे समर्थन शोधण्याचे कष्ट घेतो आहे, अशा आशयाची नाराजी व्यक्त केली.

या दोन घटना शेजारी ठेवून पाहा. दोन्ही वेळी पणिक्करांनी जे ऐकले ते कळवले. कोरियाच्या बाबतीत आपले म्हणणे जगापर्यंत जावे अशी सांगणाऱ्याची इच्छा होती, म्हणून वृत्त खरे ठरले. तिबेटच्या बाबतीत सांगणाऱ्याला आपला बेत झाकायचा होता. तेथे ऐकलेले अचूक कळवणे पुरेसे नव्हते. न सांगितलेलेही शोधणे आवश्यक होते.

उत्तरायुष्य

चीननंतर ते इजिप्तमध्ये व पुढे फ्रान्समध्ये राजदूत होते. मधल्या काळात, फाजल अली व हृदयनाथ कुंझरू यांच्यासमवेत, ते राज्य पुनर्रचना आयोगाचे सदस्य होते. १९५५ च्या अहवालात या आयोगाने द्विभाषिक मुंबई राज्य आणि स्वतंत्र विदर्भ यांची शिफारस केली. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाचा भडका त्यानंतरच उडाला, हे तुम्हांस ठाऊक असेल.

पणिक्करांचे लेखन विपुल आहे. आशियातील पाश्चात्त्य वर्चस्वाचा इतिहास सांगणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. मल्याळममध्ये त्यांनी काव्य आणि ‘केरळसिंहम्’सारखी ऐतिहासिक कादंबरी लिहिली. म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरू असताना डिसेंबर १९६३ मध्ये त्यांचे निधन झाले.

समारोप

पणिक्करांना निर्दोष ठरवणे किंवा दोषी ठरवणे, हा या घटकाचा हेतू नाही. एकाच माणसाचे खरे वृत्त अविश्वासामुळे वाया गेले आणि त्याचाच विश्वास अन्यत्र महागात पडला. माहिती देणारा कोण, यापेक्षा त्याला ती का द्यावीशी वाटते, हा प्रश्न पत्रकाराने आणि वाचकानेही प्रथम विचारावा, हा या चरित्राचा बोध आहे.

आपली प्रगती तपासा

१. पणिक्करांच्या पत्रकारितेचा थोडक्यात परिचय करून द्या.
२. ऑक्टोबर १९५० मधील इशाऱ्याकडे दुर्लक्ष का झाले?
३. कोरिया आणि तिबेट या प्रसंगांतील त्यांच्या कामगिरीची तुलना करा.