शेट प्रेमचंद रायचंद आणि समुद्रातली जमीन

मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधील आवारात उभा असलेला राजाबाई मनोरा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. तो ज्यांच्या देणगीतून उभा राहिला, ते शेट प्रेमचंद रायचंद मुंबईच्या व्यापाराच्या इतिहासातील एक विलक्षण पुरुष होत. ते आपल्या ज्ञातीचे नव्हेत. तथापि त्यांच्या चरित्रापासून मिळणारा बोध आज आपल्या घराघरास हवा आहे, म्हणून ते स्मरणिकेच्या वाचकांपुढे थोडक्यात ठेवीत आहे.

प्रेमचंदांचा जन्म १८३१ साली सुरतेस एका जैन कुटुंबात झाला. वडील रायचंद दीपचंद मुंबईस आले आणि त्यांनी मुलास इंग्रजी शिक्षण दिले. त्या काळी दलालांमध्ये इंग्रजी लिहितावाचता येणारा मनुष्य विरळा. त्यामुळे युरोपियन पेढ्या आणि एतद्देशीय व्यापारी या दोहोंचाही विश्वास या तरुणाने लवकरच संपादन केला. टाउन हॉलसमोरील वडाच्या झाडाखाली जमणाऱ्या दलालांमध्ये त्यांचा शब्द प्रमाण मानला जाऊ लागला. राहणी साधी, वृत्ती उद्योगी आणि स्मरणशक्ती अशी की मोठमोठे सौदे ते मनातच ठेवीत, असे सांगतात.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला. लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या. चार-पाच वर्षांत मुंबईस नेहमीपेक्षा कित्येक कोटी पौंड अधिक मिळाले. हा पैसा ठेवावा कोठे, हा प्रश्न पडला. नव्या बँका निघाल्या, नव्या कंपन्या निघाल्या, आणि त्यांत सर्वांत मोहक ठरली ती बॅकबेची कंपनी. पश्चिमेकडील समुद्र हटवून नवी जमीन करावयाची आणि रेल्वेस व शहरास ती द्यावयाची, अशी ही योजना. मुंबई हे बेट. जागा अपुरी, वस्ती वाढती. समुद्रकाठच्या जमिनीस सोन्याचे मोल येणार, याविषयी कोणास शंका नव्हती. या उद्योगात प्रेमचंद आघाडीवर होते. शेअर मिळावेत म्हणून त्यांच्या दारी श्रीमंतांची आणि अंमलदारांचीही रीघ लागे.

या शेअरवर प्रत्यक्ष भरणा ५,००० रुपयांचा. बाजारात त्याचा भाव ५०,००० रुपयांच्या घरात गेला. आता हिशेब पाहा. पन्नास हजारांवर शेकडा पाच टक्के मिळावयाचे तर वर्षास २,५०० रुपये हवेत. म्हणजे कंपनीने भरलेल्या भांडवलावर दरसाल शेकडा पन्नास टक्के नफा केला पाहिजे. आणि तोही अशा जमिनीवर, जी अद्याप पाण्याखाली होती. मराठी चौथीच्या मुलासही हे त्रैराशिक सोडविता आले असते. परंतु ज्याला त्याला जमिनीच्या उत्पन्नाची फिकीर नव्हती. उद्या दुसरा कोणी याहून अधिक भाव देईल, एवढाच भरवसा होता.

१८६५ च्या एप्रिलमध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण गेला. ती वार्ता येताच कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या फेडीचा दिवस. त्या दिवशी मुंबईतील कित्येक नामांकित घराणी देणे देऊ शकली नाहीत. बॅकबेच्या शेअरला भरणा केलेली रक्कमदेखील येईना. बाँबे बँकेने शेअरांच्या तारणावर आणि केवळ नावावर सढळ हाताने कर्जे दिली होती, व त्या व्यवहारांत प्रेमचंदांचे वजन मोठे होते. ती बँकही पुढे बुडाली आणि तिच्या कारभाराची सरकारी चौकशी झाली. या चौकशीत प्रेमचंदांवर जो ठपका आला, तो त्यांचा चाहता असूनही नाकारता येत नाही. कित्येक विधवांचे व नोकरदारांचे पैसे या लाटेत गेले.

प्रेमचंदांचे स्वतःचे सर्वस्वही गेले. त्यांची मिळकत धनकोंच्या हाती गेली. पण ते खचले नाहीत आणि मुंबई सोडूनही गेले नाहीत. पुन्हा दलालीस बसले, पुन्हा पत मिळविली आणि १९०६ साली मृत्यू येईपर्यंत व्यापारात राहिले. वैभवाच्या दिवसांत त्यांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लक्ष व मनोऱ्यासाठी दोन लक्ष रुपये दिले होते. मातोश्रींच्या नावाचा तो मनोरा १८७८ साली पुरा झाला. कलकत्ता विद्यापीठास दिलेल्या देणगीतून त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती सुरू झाली. तेजीतील कागदी संपत्ती नाहीशी झाली. विद्येला दिलेले तेवढे राहिले.

येथे कोणी म्हणेल, प्रेमचंदांचा अंदाज शेवटी खराच ठरला. आज त्याच समुद्रकाठी मरीन ड्राइव्ह आहे आणि तेथील घरांच्या किमती ऐकून छाती दडपते. हे खरे. परंतु मधला काळ विसरू नये. कंपनी बुडाल्यावर ते काम रखडले. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत ते पुन्हा हाती घेतले, तेव्हाही खर्च अंदाजाबाहेर गेला आणि वीर नरीमन यांनी त्यातील गैरकारभार चव्हाट्यावर आणला. मरीन ड्राइव्हवरील इमारती उभ्या राहिल्या त्या १९३० नंतर. १८६४ साली गुंतविलेले ५०,००० रुपये नुसत्या चार टक्के चक्रवाढीने अठरा वर्षांनी दुप्पट होतात. बहात्तर वर्षांनी, म्हणजे १९३६ साली, ते सुमारे आठ लक्ष झाले असते. जमीन बुडाली नव्हती. बुडाले ते तिला भलत्या भावाने घेणारे आणि वाट पाहण्याची ताकद नसणारे.

हे सर्व लिहिण्याचे कारण खाजगी आहे. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतून व मुलाच्या कर्जातून एक आलिशान सदनिका घ्यावी, असे प्रस्तुत लेखकाच्याही मनात आले होते. रंगीत पुस्तिका पाहून बयाणा दिला. हिशेब मागाहून केला. बयाण्यावर पाणी सोडावे लागले, पण बाकीचे वाचले. तो हिशेब असा. दोन कोटींच्या घरास दरमहा पन्नास हजार भाडे आले तर वर्षाचे सहा लक्ष, म्हणजे तीन टक्के. त्यातून सोसायटीचा आकार, घरपट्टी, डागडुजी आणि एखादा महिना रिकामा गेलेला वजा करता चार लक्ष, म्हणजे दोनच टक्के उरतात. खरेदीवेळची स्टॅम्प ड्यूटी सहा टक्के धरली तर बारा लक्ष, म्हणजे तीन वर्षांचे उत्पन्न आधीच गेले. कर्जाचे व्याज मात्र भाड्याच्या कितीतरी पट. किंमत वाढेल तेव्हा वाढेल. परंतु अशा महागड्या घरांस गिऱ्हाईक थोडे, आणि गरजेच्या वेळी ते मिळेलच असे नाही.

राहावयास घर जरूर घ्यावे. त्यातील समाधान टक्केवारीत मोजावयाचे नसते. पण नफ्यासाठी दुसरे घर घेताना, विशेषतः म्हातारपणाची पुंजी घालताना, आधी भाडे मोजावे, मग खर्च मोजावा आणि किती वर्षे थांबता येईल तेही मोजावे. प्रेमचंदांसारखा बुद्धिमान पुरुष जेथे चुकला, तेथे आपण कागद-पेन्सिल घेऊन बसण्यात कमीपणा मानू नये. राजाबाई मनोऱ्याखालून जाताना आपल्या मुलाबाळांस ही हकीकत अवश्य सांगावी, एवढीच विनंती.