चिक चॉकलेट

मुलानें मेकॅनिक व्हावें ही आईची इच्छा; मुलाचें चित्त ट्रंपेटांत! १९१६ सालीं गोव्यांतील हळदोणें गांवीं जन्मलेले आंतोनियो झेवियर वाझ पुढें चिक चॉकलेट या नांवानें मुंबईंत प्रसिद्धीस आले. ताजमहाल हॉटेलांत जॅझ आणि स्टुडिओंत चित्रपटगीतें, दोन्हींकडे त्यांचा संचार असे. गोव्यांत चर्चच्या शाळांतून मुलांस स्वरलेखन शिकवीत. ती विद्या येथें कामास आली. संगीतकारानें चाल गुणगुणावी, ती कागदावर उतरवून वाद्यावाद्यांस वांटून देणें हें अशा गोमंतकीयांचें काम. आमच्या मतें गाण्याची निम्मी शोभा त्यांतच असे. नांव मात्र क्वचित् झळके. सी. रामचंद्रांचे ते सहायक. त्यांच्या ‘अलबेला’ (१९५१) चित्रपटांत वाझ पडद्यावरहि दिसतात. त्याच वर्षीं ‘नादान’ला त्यांनीं स्वतःच्या नांवानें संगीत दिलें. १९६७ सालीं ते निवर्तले.